वीतभर पाण्यावरची रात्र

जून महिन्यातली संध्याकाळ. साडेसात वाजले होते, पण ऊन अजून उतरलं नव्हतं. इलिनॉय नदीच्या काठी हवाना नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पेट्रोल पंपावर आमची बोट ट्रेलरवर उभी होती. कप्तानांनी टाकीत नळी घातली आणि मी मीटरच्या आकड्यांकडे बघत राहिले. टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. नळी बराच वेळ हलली नाही. पंपावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथलं इथेनॉल मक्याचं. गावाबाहेर दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत तोच मका गुडघाभर उभा होता.

टाकी भरल्यावर कप्तान दुकानात गेले आणि बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन आले. थंड पेयांच्या डब्यात त्या रिकाम्या केल्या आणि धनुष्यबाणाने मासे मारायला आम्ही निघालो.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठचं. आप्पांनी जन्मभर वल्ह्याच्या होडीतून जाळी टाकली आणि भिगवणच्या बाजारात चिलापी घातली. मी इंजिनं शिकले आणि पिओरियात येऊन राहिले. कॅटरपिलर कंपनीमुळे या शहरात भारतातून आलेले इंजिनियर पुष्कळ आहेत. आपलं मराठी बोलणारी घरंही बरीच आहेत. पिओरियापासून हवाना चाळीस मैल. कप्तान आमच्या शेजारच्या गल्लीतले, वय साठीच्या पुढे. ही बोट त्यांची एकट्याची नाही, चौघा मित्रांची भागीदारी आहे. गेले दोन हंगाम चौघांत एकच वाद चालू आहे: ही बोट पेट्रोल फार पिते, विकून टाकावी की ठेवावी? ‘तू इंजिनातली, तूच एकदा हिशेब करून दे,’ असं कप्तान म्हणाले, म्हणून मी त्या रात्री वही घेऊन बोटीत बसले.

आधी बोटीविषयी. तिला एअरबोट म्हणतात. अठरा फूट लांब, बूड सपाट, सगळा सांगाडा ॲल्युमिनियमचा. मागे उंचावर व्ही-आठ मोटारीचं इंजिन, त्याला जोडलेला माणसाहून उंच पंखा आणि पंख्याभोवती जाळीचा पिंजरा. पंख्यामागे दोन उभी सुकाणं. चालवणारा उंच खुर्चीवर बसतो. एका हातात सुकाणूचा दांडा, पाय ॲक्सिलरेटरवर. ब्रेक नाही आणि मागेही घेता येत नाही. थांबायचं असेल तर पाय काढायचा आणि पाणी बोटीला धरेल तेवढी वाट बघायची. पाण्याखाली काहीच फिरत नसल्यामुळे ही बोट वीतभर पाण्यावरून जाते. ओल्या गवतावरून जाते, चिखलावरूनही जाते. बुडाला खालून गुळगुळीत प्लास्टिकचा जाड पत्रा ठोकलेला असतो, तो त्यासाठीच.

कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या गटाने 1905 मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला असं एक यान पाण्यावर चालवून पाहिलं. ते त्यांना विमानाच्या पंख्याच्या प्रयोगांसाठी हवं होतं. पुढे 1920 मध्ये विमानं बांधणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी फ्लोरिडात पंख्याची बोट काढली आणि तिथल्या दलदलीत ती रुजली. आजही पुष्कळ एअरबोटींवर विमानाची जुनी इंजिनं असतात. ती वजनाला हलकी आणि हवेवर थंड होणारी, पण त्यांचं पेट्रोल वेगळं, महाग आणि बहुतेक ठिकाणी अजून शिसं घातलेलं. मोटारीचं इंजिन साध्या पंपावरच्या पेट्रोलवर चालतं; मात्र मध्ये वेग कमी करणारा गिअर किंवा पट्टा लागतो. दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 2,700 फेऱ्यांनी फिरवला, तर पात्याचं टोक सेकंदाला 280 मीटरच्या वर जातं. ध्वनीचा वेग 340 च्या आसपास. टोक त्याच्या जवळ गेलं की जोर वाढत नाही, नुसती किंकाळी वाढते.

आता पेट्रोलचं मूळ दुखणं. बोट पुढे जाते ती काहीतरी मागे ढकलून. साधी बोट पाणी ढकलते, ही हवा ढकलते. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. जड गोष्ट हळू ढकलली तर थोड्या श्रमात भरपूर रेटा मिळतो. हलकी गोष्ट ढकलायची तर ती खूप आणि जोरात फेकावी लागते आणि बहुतेक शक्ती त्या फेकण्यातच जाते. म्हणून पंखा मोठा करतात. मी वहीत साधा हिशेब मांडला: तीस सेंटिमीटरचा पाण्यातला पंखा आणि दोन मीटरचा हवेतला पंखा, दोघांनी जागच्या जागी सारखाच रेटा द्यायचा. हवेतल्याला सव्वाचारपट शक्ती लागते. घर्षण, जाळीचा अडथळा, वारा हे सगळं वेगळंच. एवढा मोठा पंखा लावूनही सव्वाचारपट. निसर्गाने ठरवलेलं हे मोल आहे, चांगलं इंजिन आणलं म्हणून ते सुटत नाही.

आणि पेट्रोल इंजिनाचा ठोकताळा असा: 100 अश्वशक्ती तासभर घेतली की आठ गॅलन, म्हणजे तीस लिटरच्या आसपास जळतं.

हवानाच्या धक्क्यावरून बोट पाण्यात उतरली. कानांवर जाड झाकणं चढवली; त्यांतच बोलण्याची सोय असते, नाहीतर या बोटीवर शेजारच्या माणसाला ओरडूनही ऐकू जात नाही. नदीच्या खालच्या अंगाला, बाथ गावाजवळच्या पाणथळीकडे आम्ही निघालो. नऊ-दहा मैलांचं अंतर वीस मिनिटांत. त्या वेगाला दीडशे अश्वशक्ती धरली तर चार गॅलन गेलं, तेवढंच परतीला. मी विचारलं की बाथपर्यंत बोट रस्त्याने ओढत का नाही आणली? दहा मैलांना गाडीचं एक गॅलन लागलं असतं. कप्तान म्हणाले की या वीस मिनिटांसाठीच ते आठवडाभर थांबतात. हिशेबाच्या वहीत मी ते लिहिलं. त्यांचं खरं होतं. नदी तांबूस झाली होती, काठावरच्या सिल्व्हर मेपलच्या फांद्या पाण्यात टेकल्या होत्या आणि पुढ्यात काहीच मोडत नसल्यासारखे आम्ही सरकत होतो.

बाथच्या अलीकडे मासे उडायला लागले.

या उड्या मारणाऱ्या माशाला आपल्याकडे मत्स्यखात्याचे लोक चंदेरा म्हणतात: सिल्व्हर कार्प. आपल्या तळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस सोडतात. चंदेरा भारतात 1959 मध्ये जपानहून आला. अमेरिकेत तो 1973 मध्ये आर्कान्सा राज्यात मुद्दाम आणला गेला, तळ्यांतलं शेवाळ खाऊन पाणी साफ ठेवावं म्हणून. तिथून तो नद्यांत निसटला, मिसिसिपी चढत इलिनॉयपर्यंत आला, आणि आज या नदीच्या या पट्ट्यात त्याच्याइतकं दाट दुसरं काही नाही. पाण्यातलं सूक्ष्म अन्न तोच गाळून खातो, म्हणून इथल्या मूळ माशांच्या पिलांना कमी पडतं. तो मिशिगन सरोवरात जाऊ नये म्हणून शिकागोच्या कालव्यात 2002 पासून विजेचा अडसर चालू आहे. बोटीचं यंत्र जवळून गेलं की हा मासा घाबरून तीन-तीन मीटर वर उडतो. बोटीतल्या माणसांची नाकं आणि जबडे मोडलेले आहेत. बाथ गावात 2005 पासून उडणारे मासे हातजाळीत झेलायची स्पर्धा सुरू झाली, ती याच पाण्यावर.

अंधार पडल्यावर मुख्य नदी सोडून आम्ही आत वळलो. कप्तानांनी एका जागी पाय जोरात दाबला, पंखा गरजला आणि आम्ही चिखलाचा उंचवटा ओलांडून पलीकडच्या पाण्यात उतरलो. दुसऱ्या कोणत्याही बोटीला तिथे जायला वाट नव्हती. मी वहीत नोंद केली: असे उंचवटे रात्रभरात पाच-सहा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण मिनिट पूर्ण ताकद, शिवाय अडकल्यावर सोडवून घेणं. सगळं मिळून चार गॅलन धरू.

मग दिवे लागले. बोटीच्या पुढच्या फलाटाच्या कडेने पाण्याकडे झुकलेल्या एलईडीच्या पट्ट्या. पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे असायचे आणि त्यांच्यासाठी बोटीवर जनित्र चालवावं लागायचं. गढूळ पाण्यात तो पिवळा उजेड जास्त आत जातो, म्हणून जुनी मंडळी अजून तोच मागतात. या बोटीवर पिवळसर आणि पांढऱ्या एलईडींची जोडी होती, बॅटरीवर चालणारी. एक इंजिन कमी झालं, त्याचं पेट्रोल वाचलं. उजेडात पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं आणि त्यावर मेफ्लायचे किडे बर्फ पडावा तसे पडत होते.

फलाटावर कप्तानांचे तिघे मित्र धनुष्य घेऊन उभे राहिले. मासे मारायचं धनुष्य चाळीस-पन्नास पौंडांच्या ताणाचं असतं. बाण फायबरचा, जड, त्याला पिसं नाहीत, टोकाला मागे वळलेले काटे. धनुष्यावर एक बाटली बसवलेली, तिच्यात दोरी गोळा होते. ती दोरी बाणाच्या शेपटीला बांधत नाहीत, बाणावर पुढेमागे सरकणाऱ्या कडीला बांधतात. दोरी कुठे अडकली तर शेपटीला बांधलेला बाण ताणून उलटा तोंडावर येतो. कडीमुळे गाठ पुढेच राहते आणि दोरी तुटते. कप्तानांनी मला ही कडी तीनदा दाखवली आणि मगच धनुष्य हातात दिलं.

नेम धरायला मला तासभर लागला. पाण्यातला मासा असतो त्याहून वर दिसतो. मान खाली घालून सरळ वरून पाहिलं तरी खोली तीन-चतुर्थांशच भासते, तिरकं पाहिलं तर आणखी कमी. इथे एक घोकलेला नियम आहे: मासा दहा फूट अंतरावर आणि फूटभर खोल असेल, तर दिसतो त्याच्या चार इंच खाली मारायचं. अंतर दुप्पट झालं तर आठ इंच, खोली दुप्पट झाली तरी आठ. डोळ्याला हे पटत नाही. हात डोळ्याचं ऐकतो आणि बाण माशाच्या पाठीवरून जातो. माझे पहिले अकरा बाण असेच गेले.

या कामाला बोट माणसाच्या चालीने जावी लागते. आणि इथेच पेट्रोलचा मोठा वाटा जातो, हे मला त्या रात्री उमगलं. मी समजत होते की धाव घेताना जास्त जळत असणार. वेगाने जाणं वीस मिनिटांचं. हळू जाणं पाच तासांचं. चालीच्या वेगाला तीस-एक अश्वशक्ती पुरते, पण ती चारशे अश्वशक्तीच्या इंजिनातून घ्यायची असते. मोठ्या इंजिनाचा श्वास जवळजवळ बंद ठेवून ते फिरवत राहिलं, की हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते आणि दर अश्वशक्तीमागे जास्त तेल लागतं. ठोकताळ्याने अडीच गॅलन व्हायला हवं तिथे चार धरावं लागतं. पाच तासांचे वीस गॅलन.

आवाज मात्र इंजिन हळू असलं तरी राहतो. धनुष्यवाल्यांचं म्हणणं असं, की मासा आवाजाला भीत नाही, बदलत्या आवाजाला भितो. एकाच सुरात इंजिन ठेवलं तर तो उजेडात स्वस्थ उभा राहतो. मी पाहिलं तेव्हा ते तसंच घडत होतं. पण काठावर झोपलेल्या माणसाला सूर एक आहे की बदलता, याने काय फरक पडणार? मिनेसोटा राज्यात रात्री धनुष्याने मासे मारताना बोटीचा आवाज पन्नास फुटांवर 65 डेसिबलच्या वर जाता कामा नये असा नियम आहे. तो योग्यच आहे असं मला वाटतं. गावापासून पाणी लांब नसेल, तर ही बोट रात्री नेऊ नये.

बारानंतर आम्हाला दुसरी बोट भेटली. तीही सपाट बुडाची, पण मागे साधं साठ अश्वशक्तीचं पाण्यातलं इंजिन आणि त्याच्या वर एका चौकटीवर बसवलेलं चाळीस अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन, गवत कापण्याच्या मोठ्या यंत्राला असतं तसं. त्याला लहान पंखा. लांब जायचं तेव्हा पाण्यातलं इंजिन. उथळ जागी पोचलं की ते वर उचलायचं आणि छोट्या पंख्यावर हळूहळू फिरायचं. छोटं इंजिन निम्म्या भारावर चालतं म्हणून उधळत नाही. तासाला दीड गॅलन. दोन्ही बोटी शेजारी उभ्या राहिल्या, इंजिनं बंद झाली, आणि अचानक बेडकांचा आवाज ऐकू आला. इतका वेळ ते ओरडतच असणार.

मी त्या बोटीचा हिशेब तिथेच मांडला. जाऊन-येऊन वीस मैलांना चार गॅलन, पाच तासांच्या फिरण्याला साडेसात, एकूण साडेअकरा. आमचे जाण्या-येण्याचे आठ, फिरण्याचे वीस, उंचवट्यांचे चार, एकूण बत्तीस. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर त्यांचे चाळीस डॉलर, आमचे एकशे बारा. लिटरात सांगायचं तर त्यांचे 44, आमचे 121. रस्त्याचं पेट्रोल दोघांचं सारखंच.

मग त्यांना विचारलं की आम्ही आलो त्या उंचवट्यापलीकडे तुम्ही गेला होता का? त्यांनी मान हलवली. छोटा पंखा चिखल ओलांडत नाही. ते कडेकडेने फिरत होते आणि त्यांच्या पिंपात आमच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मासे होते. कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. हाच त्यांचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता.

या बोटीचा खरा लाभ पोचण्यात आहे, आणि पोचण्याची किंमत कधीकधी पेट्रोलात मोजता येत नाही. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री मायामीजवळच्या एव्हरग्लेड्स दलदलीत ईस्टर्न एअरलाइन्सचं 401 क्रमांकाचं विमान पडलं. गाडीला रस्ता नाही, बोटीला पाणी नाही. त्या वेळी रॉबर्ट मार्किस नावाचा माणूस आपल्या एअरबोटीतून, डोक्याला दिवा बांधून, बेडूक पकडत होता. त्याने आगीचा लोळ पाहिला आणि तो पहिला तिथे पोचला. हेलिकॉप्टरना जागा कळावी म्हणून त्याने आपला दिवा फिरवला. त्या अपघातातून 75 माणसं वाचली. 2005 मध्ये कॅट्रिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरही या बोटी धावल्या. त्यामुळे ही बोट म्हणजे तेल जाळायचा निव्वळ षोक, असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही.

पण पोचायची गरज मुळात का पडली? इलिनॉय नदीच्या दोन्ही अंगांना पूर्वी खोल तळी होती. 1908 च्या सुमाराला या नदीतून वर्षाला अडीच कोटी पौंडांच्या जवळपास मासे निघत आणि शेकड्यांनी कोळी कुटुंबं तिच्यावर जगत. मग शेतीसाठी बांध घालून निम्मी तळी कोरडी केली, आणि उरलेल्या तळ्यांत वरच्या शेतांची माती येऊन बसत गेली. हवानात 1894 पासून नदीचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे, तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या हे गाळाचं चढणं पाहिलं आहे. जिथे होडी वल्हवता येत होती, तिथे आता वीतभर पाणी आणि हातभर चिखल. तो चिखल मक्याच्या आणि सोयाबीनच्या रानांतला. त्याच मक्याचं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये, आणि ते पेट्रोल जाळून आम्ही त्याच मातीवरून घसरत होतो. आपल्याकडे इथेनॉलचं वीस टक्के मिश्रण आल्यापासून गाडीचा ॲव्हरेज पडल्याची तक्रार घरोघर आहे. इथले बोटवाले दहा टक्क्यांनाच कुरकुरतात, कारण इथेनॉल ओल धरतं आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या बोटीच्या टाकीत पाणी साठतं.

हवानासमोरच, नदीच्या पलीकडे, एमिक्वॉन नावाची जागा आहे. ती शेतीखाली गेलेली पाणथळ ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने 2000 मध्ये विकत घेतली आणि 2007 मध्ये उपशाचे पंप बंद केले. पाणी आपसूक परतलं, त्यामागे पक्षी आले. तिच्या बांधावरून दिसणारं तळं मला उजनीच्या जुन्या फुगवट्यासारखं वाटतं आणि मी वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन उभी राहते.

रात्री दीड वाजता उजेडात एक मोठा मासा आला. चंदेऱ्याची पाठ राखट-हिरवी आणि डोळा खाली असतो. हा वेगळा होता, जाड, गडद, तोंड पुढे, आणि अंगावर काळे-नारिंगी डाग. कप्तानांच्या मित्राने धनुष्य ताणलं. कप्तानांनी कानातल्या बोलक्यावर एकच शब्द उच्चारला: ‘बफेलो.’ मित्राने दोरी हळूच सैल केली. मासा आमच्या बुडाखालून निघून गेला.

बिगमाउथ बफेलो हा इथला मूळचा मासा. तो कार्पसारखा दिसतो, म्हणून कित्येक वर्षं त्याला कचऱ्यातच मोजत आणि धनुष्यवाले तो पिंपं भरभरून मारत. 2019 मध्ये अ‍ॅलेक लॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या कानातल्या हाडाची वर्तुळं मोजली. मिनेसोटातल्या एका बफेलोचं वय 112 वर्षं निघालं. मिनेसोटातल्या काही तळ्यांत ऐंशीच्या खालचे बफेलो जवळजवळ नव्हतेच. पहिल्या महायुद्धाच्या आधी जन्मलेला मासा, आणि त्याला एका रात्रीच्या खेळात बाण. गळाला लागलेला मासा सोडून देता येतो, बाण लागलेला सोडता येत नाही. म्हणून धनुष्यवाल्याने आधी ओळखावं, मग ताणावं. ज्या बोटीला वीतभर पाण्यातही जाता येतं, तिच्यापुढे म्हाताऱ्या माशाला लपायला जागा उरत नाही. हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला मी हेही घालते. कप्तानांनी तीन वर्षांपूर्वी बफेलो मारणं सोडलं. त्याआधी किती मारले, ते त्यांनी मला सांगितलं आणि बराच वेळ गप्प राहिले.

पहाटे चारला आम्ही धक्क्यावर आलो. तीन पिंपं भरली होती: सगळा चंदेरा आणि थोडा सायप्रिनस. मोजून 127 मासे. एकेक तीन-चार किलोचा धरला तर चारशे किलोंच्या पुढे माल. बत्तीस गॅलनला चारशे किलो, म्हणजे तीन किलो माशामागे लिटरहून थोडं कमी पेट्रोल. आकडा वाईट नव्हता. नदीतून चंदेरा काढणं हे सरकारलाही हवं आहे. 2022 मध्ये इलिनॉयने या माशाला ‘कोपी’ असं नवं नाव दिलं, लोकांनी खावा म्हणून. मांस पांढरं, चवीला सौम्य, नुसते काटे फार. कप्तानांना मी उत्साहाने वही दाखवली: उन्हाळ्यात कडेच्या पाण्यात छोट्या पंख्याची बोट न्या, एअरबोट वसंतातल्या पुरासाठी आणि चिखलापलीकडच्या जागांसाठी ठेवा, आणि बाथपर्यंत रस्त्याने या. वर्षाचं पेट्रोल निम्म्यावर येईल.

कप्तानांनी मान डोलावली आणि पिंपांवरचं झाकण काढलं. रात्र उबदार होती. वरच्या थरातले मासे ठीक होते, खालच्यांचे डोळे पांढरे पडले होते आणि वास यायला लागला होता. खेळ म्हणून मारलेले मासे इथे विकता येत नाहीत. काठावर टाकले तर दंड. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे खड्डा आहे, तिथे ते खतासाठी जातात. मी वरच्या थरातले दोन निवडले. बाकीचे आम्ही उजाडायच्या आत त्या खड्ड्यात ओतले. मक्याच्या शेताच्या कडेला.

घरी येऊन मासा साफ करताना आप्पांना व्हिडिओवर फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. त्यांनी मासा ओळखला.

‘चंदेरा हाय. किती मिळाला?’

‘चारशे किलो, आप्पा.’

‘एका रात्रीत? तेल किती गेलं?’

‘एकशे वीस लिटर.’

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं तेलाचा आकडा ऐकून गप्प झाले. मी बोटीचं सांगायला लागले, पंखा, चिखल, इंजिन. त्यांनी मध्येच थांबवलं.

‘ते असू दे गं. बर्फ किती न्येला हुता?’

‘दोन पिशव्या.’

‘चारशे किलोला?’

वही स्वयंपाकाच्या ओट्यावरच होती. मी हात पुसले आणि पेट्रोलच्या रकान्याशेजारी एक नवी रेघ ओढली.